मनगटात नाडी नसलेले काका

गेली चौदा वर्षं मी लोकांच्या दंडाला पट्टा बांधून सुई टोचायचं काम करते. जाड हात आले, काडीसारखे आले, गोंदलेले आले. सुई नुसती बघूनच आडवा झालेल्या एका पहिलवानाचाही आला. पण मनगटावर बोटं ठेवली तर काहीच लागत नाही आणि हाताचा मालक मात्र समोर बसून "तुमचा पंखा डगमगतोय, बेअरिंग गेलंय त्याचं" असं ठणकावून सांगतोय, असा हात मला एकदाच भेटला.

आमची लॅब भोपाळच्या साकेत नगरात, मोठ्या हॉस्पिटलसमोरच्या गल्लीत. औषधांचं दुकान, लॅब, चहाची टपरी, पुन्हा औषधांचं दुकान, असा त्या गल्लीचा क्रम आहे. काका पहिल्यांदा आले ते काकूंना घेऊन. खुर्चीत बसले, बाही वर केली आणि म्हणाले, "आधी नाडी बघा."

"काका, रक्त द्यायचंय ना? त्याला नाडीची जरूरत नाही."

"बघा तर खरं."

मी बोटं ठेवली. काही नाही. जागा बदलली. तरी काही नाही. दुसरं मनगट धरलं आणि माझ्याच कपाळाला घाम आला, कारण माणूस तर टवटवीत चेहऱ्यानं माझ्याकडे बघत होता. "काय, आहे का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. तेव्हा काकू बाकावरून म्हणाल्या, "अहो, पुरे आता. घाबरलीय ती." आणि मला म्हणाल्या, "प्रत्येक नव्या माणसाशी हाच खेळ चालतो गं यांचा. तू नको मनावर घेऊस."

दोन झटक्यांनंतर काकांच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यानं हात टेकले होते. चेन्नईला त्या कप्प्याला एक छोटा पंप बसवला होता. त्यातलं चाक सारखं फिरतं, त्यामुळे रक्त ठोके घेत नाही, नळाच्या धारेसारखं वाहतं. म्हणून मनगटात नाडी नाही. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या डब्याला जाते आणि डब्याला दोन बॅटऱ्या. या बॅटऱ्यांसाठी काकांनी पिपलानीच्या एका टेलरकडून खाकी जाकीट शिवून घेतलं होतं, दोन्ही बाजूंना खिसे. वर पांढरा सदरा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा तालमीत जातो.

माणूस मूळचा साताऱ्याकडचा. तरुणपणी अवधपुरीजवळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात नोकरीला लागला, तो निवृत्त होऊन इथलाच झाला. सगळी नोकरी तपासणी खात्यात. धरणावरच्या टर्बाइनची चाकं हे पास करणार, मग ती बाहेर पडणार. खात्यात त्यांना सगळे टरकून असत, असं काकू सांगायच्या, आणि ते त्यांना अजूनही आवडायचं. "आयुष्यभर मी पाण्याची चाकं तपासली," काका म्हणायचे, "आता रक्ताचं चाक सांभाळतोय. काम तेच. फक्त या वेळी मी चाकाच्या बाहेर उभा नाही."

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. विचारलं ते हे, की रक्ताची नळी कोण भरतं, यंत्रात कोण ठेवतं, आकडा कोण लिहितं. सगळ्याचं उत्तर 'मी' आलं तेव्हा म्हणाले, "म्हणजे तुम्ही तपासनीस." त्या दिवसापासून मी तपासनीस. दुसऱ्या महिन्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं, पण तपासनीस राहिलं. नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आलेल्या कारकुनाची मी नात. घरात कोणी मला एवढ्या हुद्द्यानं हाक मारली नव्हती. मी फुगले, हे कबूल करते.

दर मंगळवारी सकाळी नऊला ते यायचे. कारण असं, की रक्ताला परकी वस्तू आवडत नाही. धातूच्या चाकाला लागून ते गोठायला बघतं. मोहरीएवढी गाठ चाकावर धरली तर चाक अडखळतं, आणि सुटून डोक्यात गेली तर अर्धांग. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी. पण फार पातळ झालं तर साधं दाढीचं पातं लागलं तरी थांबायचं नाही. रक्त किती पातळ आहे हे आयएनआर नावाचा एक आकडा सांगतो. काकांचा तो दोन आणि तीनच्या मध्ये राहायला हवा. दोनच्या खाली गाठीची भीती, तीनच्या वर रक्तस्रावाची. एवढ्या अरुंद बोळातून हा माणूस मजेत चालला होता, आणि बोळाच्या भिंती कुठे आहेत ते सांगायचं काम माझं.

मुलानं बंगळुरूहून घरच्या घरी बोटातून थेंब काढून तपासायचं यंत्र पाठवलं होतं. काकांनी महिनाभर त्याचे आकडे माझ्या आकड्यांशी ताडून पाहिले आणि यंत्र कपाटात ठेवलं. "त्याला प्रश्न विचारता येत नाहीत," म्हणाले. त्याच्या पट्ट्यांची मुदत कपाटातच संपली.

आता पालकाबद्दल सांगायला हवं. हिरव्या पालेभाज्यांनी गोळीचा जोर कमी होतो. चेन्नईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, भाज्या बंद करू नका, पण रोज सारख्याच प्रमाणात खा. दुसऱ्या माणसानं याचा अर्थ घेतला असता, बेतानं खा. काकांनी घेतला तो असा: रोज चाळीस ग्रॅम पालक, निवडून, धुऊन, निथळून मग वजन केलेला, जेवणात दुपारी एक वाजता. तीन वर्षं. इथल्याच कोलार भागात एका लग्नात मी स्वतः पाहिलंय, पंगतीत श्रीखंड-पुरी वाढलेली आणि काका खिशातून स्टीलची डबी काढून त्यातला पालक पानात उजवीकडे मांडतायत. शेजारच्या व्याह्यांनी विचारलं, "हे काय, प्रसाद का?" काका म्हणाले, "नाही, इंधन."

काकूंचे मात्र हाल. त्यांना अळूचं फदफदं जिवाहून प्रिय. घरात अळू आणायचं नाही, मेथी नाही, अंबाडी नाही. ऋषिपंचमीची भाजी त्या शेजारच्या घरी जाऊन करायच्या आणि तिथेच खाऊन तोंड पुसून परत यायच्या. "नवऱ्याला चोरून लोक सिनेमाला जातात," त्या मला म्हणाल्या होत्या, "मी भाजीला जाते."

काका लॅबमध्ये नुसते बसत नसत. एकदा रक्त फिरवायच्या यंत्रावर त्यांनी एक रुपयाचं नाणं उभं करून दाखवलं. नाणं पडलं. "पाय समान नाहीत याचे," म्हणाले, आणि पुढच्या मंगळवारी रबराचा तुकडा कापून घेऊन आले. त्यानंतर नाणं उभं राहिलं. आमच्या मॅडम पॅथॉलॉजिस्ट, जबलपूरच्या. त्या म्हणाल्या, "अंकल, आप हमारे यहाँ नौकरी कर लो." काका लगेच म्हणाले, "मेरे आने से आपके आधे लोग चले जाएँगे." यात विनोद नव्हता.

काकांच्या घरी वीज जाणं म्हणजे नुसता अंधार नाही. बॅटऱ्या चार्ज व्हायला हव्यात. म्हणून ते वीज कचेरीत अर्ज घेऊन गेले. अर्जात पहिलंच वाक्य होतं, 'मैं बिजली पर चलता हूँ.' बाबूनं वाचलं आणि म्हणाला, "तो अंकल, कौन नहीं चलता?" काकांनी सदरा वर करून वायर दाखवली. बाबू उभा राहिला, स्वतःची खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. त्यानंतर त्यांच्या भागाचा लाइनमन, जुन्या भोपाळचा एक उंच माणूस, खांबावर चढायच्या आधी फोन करायचा, "अंकल, अपन दस बजे लाइन काट रिये हैं, बैटरी चढ़ा लो." ईदला शीरखुर्मा घेऊन तो काकांकडे यायचा आणि काकांचा डबा कानाशी धरून बघायचा. मला विचाराल तर या शहराबद्दल मला अभिमान वाटतो तो अशा फोनांमुळे.

एका नाडीतज्ज्ञाकडे काका मुद्दाम गेले होते. हात पुढे केला आणि गप्प बसले. त्या गृहस्थांनी डोळे मिटून चांगली पाच मिनिटं मनगट धरलं आणि सांगितलं, "वात वाढलाय." काका महिनाभर खूश होते. मला वाटलं, त्या बिचाऱ्यांची फजिती गावभर सांगतील. पण नाही. "नसलेली वस्तू सापडली असं वाटणं ही तपासणीतली सगळ्यात जुनी चूक आहे," म्हणाले. "माझ्याकडूनही झालीय." आणि त्या गृहस्थांचं नाव काकांनी कोणालाही सांगितलं नाही.

सगळ्यात वेगळं होतं ते ऐकणं. कारखान्यात जुने लोक चालू यंत्राच्या अंगाला लोखंडी सळई टेकवतात आणि दुसरं टोक कानाला लावून आतला आवाज ऐकतात. काकांकडे अशी एक सळई होती, टोकाला लाकडी मूठ. रोज सकाळी आंघोळीऐवजी अंग पुसून झालं की काका पलंगावर बसत आणि काकू सळई त्यांच्या छातीला टेकवून मूठ कानाला लावत. "चेन्नईचे डॉक्टर म्हणाले होते, याला बेअरिंगच नाही, चाक चुंबकावर तरंगतं," काका मला सांगत. "असेना. ऐकायला काय जातं?" काकूंना दाराची घंटा ऐकू येत नसे, पण पंपाचा सूर बरोबर कळायचा. त्या ऐकून 'कालचाच' म्हणाल्या की काका डब्यावरचे वॅट, म्हणजे पंप किती वीज खातोय तो आकडा, वहीत लिहायचे. चार पॉइंट दोन, चार पॉइंट तीन. मग चहा.

अजूनही दर मंगळवारी सकाळी माझ्या फोनवर एक आकडा येतो, मजकूर नाही, नमस्कार नाही, नुसते वॅट. दोघं आता मुलाकडे बंगळुरूला असतात. मी अंगठा दाखवते. पण तो आकडा अजून येतो, यामागे एक गोष्ट आहे, आणि तिच्यात मी चांगली दिसत नाही.

दसऱ्याच्या आधीचा मंगळवार होता. शहरात डेंग्यूची साथ. लॅबमध्ये पाय ठेवायला जागा नाही, कडेवर रडणारी मुलं, सगळ्यांना प्लेटलेटचा रिपोर्ट आत्ताच्या आत्ता हवा. काका नऊला आले. तोवर त्यांच्या शिरा दर आठवड्याच्या टोचण्यानं दोरीसारख्या कडक झाल्या होत्या. तरी मी कधी दुसऱ्यांदा टोचलं नव्हतं. काकांना याचं फार कौतुक. खुर्चीत बसता बसता सगळ्या हॉलला सांगायचे, "बघा, हमारी तपासनीस, एक ही बार में!" त्या दिवशीही म्हणाले. लोक बघायला लागले.

सुई गेली. रक्त आलं. आणि नळी भरता भरता शीर बसली. धार थांबली.

या तपासणीच्या नळीवर एक रेषा असते. नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध आधीच मोजून घातलेलं असतं, आणि रक्त बरोबर रेषेपर्यंत हवं. कमी पडलं तर औषध शिरजोर होतं, रक्त गोठायला जास्त वेळ घेतं, आणि आकडा खोटाच वर जातो. रक्त आहे त्याहून पातळ दिसतं. हे लॅबमधली पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल. ही रेषा कशासाठी, हे काकांना मीच शिकवलं होतं.

रेषेला बोटभर कमी होतं. नळी टाकून द्यायची आणि परत टोचायचं, एवढंच करायचं होतं. पण हॉल बघत होता. "एक ही बार में" हवेत अजून तरंगत होतं. मी बोळा दाबला, नळीवर नाव चिकटवलं आणि यंत्रात टाकली.

आकडा आला तीन पॉइंट आठ. वीस माणसांच्या गर्दीत मी तो टाइप केला. चेन्नईच्या हॉस्पिटलातल्या एक सिस्टर काकांचं सगळं फोनवर बघायच्या. त्यांनी रिपोर्ट वाचून दोन दिवस गोळी बंद आणि पुढे कमी, असं कळवलं. काकांनी आज्ञेप्रमाणे केलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला ती नळी आठवली होती का? आठवली होती. मी कूस बदलली.

रविवारी सकाळी मी शटर वर करते तोच दोघं पायरीवर उभे. मंगळवार सोडून काका कधी आले नव्हते. हातात वही. बुधवारी चार पॉइंट तीन, गुरुवारी चार पॉइंट सहा, शुक्रवारी पाच, शनिवारी पाच पॉइंट सात. पंपाला तेच काम करायला जास्त जोर लागत होता. काकूंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "आज सूर घोगरा लागला गं," म्हणाल्या.

मी रक्त घेतलं, रेषेपर्यंत. आकडा आला एक पॉइंट चार.

मॅडम बाहेर आल्या. रिपोर्ट बघून त्यांनी काकूंना विचारलं, अगदी गोड आवाजात, "आंटीजी, कोई हरी सब्ज़ी ज़्यादा तो नहीं हो गई?" आणि काकूंचा चेहरा पांढरा पडला. अष्टमीला पाहुणे होते. त्यांनी कोथिंबिरीच्या वड्या केल्या होत्या. काकांनी एक खाल्ली होती. "एक," काकू म्हणाल्या, मग म्हणाल्या, "नाही, दोन. मीच वाढली दुसरी. सणाचं म्हणून." फोनवर बंगळुरूचा मुलगा होता, स्पीकर चालू होता. "आई, तुला किती वेळा सांगितलंय! एक गोष्ट तुला पाळता येत नाही?" सगळ्या हॉलनं ते ऐकलं.

काकांनी फोन बंद केला. वही मिटली आणि माझ्याकडे वळले.

"तपासनीस, मागच्या मंगळवारची नळी रेषेला होती ना?"

"हो," मी म्हणाले.

इतकं सोपं असतं ते. ती नळी कचऱ्याच्या लाल पिशवीतून कधीच गेली होती. माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. काकांनी मान डोलावली आणि त्यांचा लगेच विश्वास बसला, हे मला दिसलं. बाकावर काकू पदरात तोंड घालून म्हणत होत्या, "मीच मारलं असतं यांना. दोन वड्यांसाठी." मॅडम त्यांना पाणी देत होत्या.

मी आत जाऊन हात धुतले. परत धुतले. चेन्नईला तो तीन पॉइंट आठ खरा वाटणार होता. तो खरा धरला तर आता ते औषध देताना हात आखडता घेणार, हा माणूस लगेच फार पातळ होतो म्हणून. आणि चाकावर धरलेली गाठ वाढत राहणार. हे मला लख्ख कळत होतं. तरी खरं सांगायचं तर मी बाहेर आले ती त्या विचारानं नाही. काकूंचं रडणं मला ऐकवेना, म्हणून आले.

"काका, नव्हती," मी म्हणाले. "नळी भरली नव्हती. मी तशीच टाकली."

मॅडमच्या हातातला ग्लास तसाच राहिला. काकूंनी पदर खाली केला. काकांनी वही उघडली.

"किती कमी होती?"

"बोटभर."

"मोजून बोटभर, की अंदाजे?"

"अंदाजे."

त्यांनी मंगळवारच्या तीन पॉइंट आठवर एकच सरळ रेघ मारली, आकडा खाली वाचता येईल अशी, आणि पेन मला दिलं. "कारण लिही. खाली सही कर." मी लिहिलं, 'नळी अपुरी भरली. माझी चूक.' सही करताना अक्षर माझं वाटेना.

"आता चेन्नईला फोन लाव. मी नाही बोलणार. तू बोल."

मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत आणि मग हिंदीत सगळं सांगितलं. पलीकडून सिस्टरचा एकच प्रश्न: लघवीचा रंग कसा आहे? काकांनी शेजारून ऐकलं आणि म्हणाले, "कालपासून काळ्या चहासारखा. वहीत आहे." अडखळणाऱ्या चाकात रक्त भरडलं जातं, तेव्हा असा रंग येतो. सिस्टरचा आवाज बदलला. आता या क्षणी ॲडमिट करा, म्हणाल्या, आणि बरं झालं सांगितलंत, नाहीतर आम्ही औषध भीत भीत दिलं असतं.

गल्ली ओलांडली की हॉस्पिटल. व्हीलचेअरवर बसताना काका मला म्हणाले, "चुकीबद्दल मी काही बोलत नाही. पण दहा मिनिटांपूर्वी तू 'हो' म्हणालीस, त्याचं नंतर बोलू."

गाठ विरघळली नसती तर छाती पुन्हा उघडून पंप बदलावा लागला असता, आणि एकाहत्तराव्या वर्षी तसं करायला चेन्नईचे डॉक्टर तयार नव्हते. म्हणजे हे औषध लागू पडणं एवढाच एक रस्ता होता. शिरेतून थेंब थेंब औषध आठ दिवस चाललं. त्या आठ दिवसांत काकांनी अख्खा वॉर्ड वठणीवर आणला. नर्स रक्त घ्यायला आली की उठून बसायचे, चष्मा लावायचे आणि नळी उजेडात धरायला लावायचे. "लाइन तक है?" नर्सेस त्यांना 'लाइन वाले अंकल' म्हणायला लागल्या. तिसऱ्या दिवशी वॅट पाच पॉइंट सहा. पाचव्या दिवशी पाच. सातव्या दिवशी चार पॉइंट पाच, आणि लघवी पाण्यासारखी. वॉर्डातल्या डॉक्टरनं पेढे मागवले. काकांनी पेढ्याचं वजन विचारलं.

मी रोज ड्यूटी संपली की जायचे. काकू सगळ्यांना थर्मासमधला चहा द्यायच्या, मलाही द्यायच्या, पण माझ्याकडे न बघता. एक शब्द बोलल्या नाहीत. मला ते बरोबर वाटायचं. भरल्या हॉलमध्ये त्या बाईनं स्वतःला शिव्याशाप दिले होते, मुलाचं ऐकून घेतलं होतं, आणि मी ते सगळं उभ्यानं बघितलं होतं.

सहाव्या दिवशी काकांनी विषय काढला. "खात्यात मी खोट्या 'हो'साठी चार माणसं बदलून टाकली होती," म्हणाले. "चुकीसाठी एकही नाही. चुकीचा इलाज असतो. आज मी इथे बसलोय तो त्या दुसऱ्या वाक्यामुळे, आणि पहिल्या 'हो'मुळे कदाचित बसलो नसतो. दोन्ही खरं आहे. दोन्ही लक्षात ठेव."

"काका, मला माफ करा," मी म्हणाले. रडत होते, लपवत नाही.

"माफी माझं खातं नाही," ते म्हणाले. "माझं खातं तपासणी. माफीचं तिच्याकडे विचार." काकू खिडकीशी बसून स्वेटर विणत होत्या. मला विचारायचं धाडस झालं नाही.

मॅडमनी मला रक्त घेण्यावरून काढून रिसेप्शनवर बसवलं होतं. तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी नऊला, दार उघडलं आणि काका आत आले, मागे काकू. वजन उतरलं होतं, जाकीट सैल झालं होतं, पण चाल तीच. मॅडमनी सीनियर टेक्निशियनला हाक मारली. काका खुर्चीत बसले नाहीत. उभेच राहिले.

"तपासनीस कुठाय?"

"अंकल, वो अभी..."

"उसी को बुलाइए."

मी आले. पट्टा बांधला. हॉल भरलेला होता. या वेळी काकांनी कोणाला काही सांगितलं नाही. हॉस्पिटलातल्या सुयांनी हात काळानिळा झाला होता, शीर बोटाखाली निसटत होती. सुई गेली, रक्त आलं, आणि अर्ध्यावर थांबलं.

मी नळी उजेडात धरली. मग सगळ्यांसमोर लाल पिशवीत टाकली. "काका, भरली नाही. परत टोचावं लागेल."

"टोच."

दुसऱ्यांदा हाताच्या पाठीवर घेतलं. फार हळू आलं. रेषेच्या नखभर खाली थांबलं. कोणी म्हणालं असतं, चालतं एवढं. मी तीही टाकली. नवी सुई फोडली. "काका, अजून एकदा."

बाकावरून काकू उठल्या. माझ्या अंगावरून पुढे आल्या, काकांच्या दुसऱ्या हाताच्या बाहीचं बटण त्यांनी स्वतः काढलं, बाही कोपरापर्यंत सारली, हात खुर्चीच्या दांड्यावर नीट ठेवला आणि मनगटापाशी घट्ट धरला. मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"घे," म्हणाल्या. "भरेपर्यंत घे."